आखाजीला मी सही केली नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. खरं म्हणजे आधी आभार मानायचेत, पण ते कोणाचे अन् कसे मानू तेच कळत नाहीये म्हणून तुम्हाला लिहितेय. माझं माहेर पारोळा तालुक्यातलं, सासर धुळ्याजवळ. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला सगळ्या बायका एकीच्या ओट्यावर जमतात, तिथे आधी नुसतं सुनांचं अन् सासवांचंच चालायचं. मग आमच्यातल्या अंगणवाडीच्या मॅडमनी एकदा विचारलं, सातबारावर नाव आहे अशी कोण आहे इथे? सगळ्या हसल्या. पण ते बोलणं काही थांबलं नाही, बिबडे वाळून डब्यात गेले तरी आम्ही दुपारच्या बसतोच. कोणी पोटगीचं विचारतं, कोणी मारहाणीचं, कोणी घरकुल कोणाच्या नावावर करायचं ते, एक आजी तर काहीच बोलत नाही पण रोज येते.

आमचे नाना, म्हणजे वडील, मागच्या वर्षी गेले. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ स्वतः मुराळी म्हणून घ्यायला आला, इतक्या वर्षात कधी आला नव्हता. नानांच्या नावाची घागर भरली, आगारी टाकली, पुरणपोळी-आमरस झाला, अन् ताटं उचलायच्या आत वहिनीने स्टॅम्प पेपर समोर ठेवला. म्हणे नुसती सही आहे ताई, वारस लावायचेत. आधी मी डोळे झाकून केली असती. पण मी वाचायला घेतलं तर वरतीच हक्कसोडपत्र लिहिलेलं. मी एवढंच म्हटलं, आज नाही करत. भांडले नाही काही नाही. तेव्हापासून भाऊ बोलत नाही, माय फोनवर रडते. माझं लग्न २००१ ला झालंय, माझं त्यात खरंच काही निघतं का? गल्लीतल्या बायकांमुळे मी "आज नाही" म्हणू शकले, पण आता त्यांच्याकडे गेलं की वाटतं यांच्यापायी माहेर तुटलं का काय.
(एक बहीण, पारोळा तालुका)

उत्तर : माहेर तुटलं असेल तर ते त्या बायकांमुळे नाही हो, जेवणाच्या ताटावर कागद ठेवला त्याच्यामुळे. हे आधी मनात पक्कं करा.

आता हिश्शाचं. निघतं, अन् लग्न कधी झालं याचा काही संबंध नाही. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मापासून हक्क दिला. आपल्याकडे गोंधळ होतो तो महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीमुळे. तिच्यात आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर ठेवल्या होत्या, अन् भाऊबंदकीत अजून तीच जुनी गोष्ट ऐकवतात. २००५ ला ती अट गेली. मग वाद असा निघाला की २००५ ला वडील हयात पाहिजेत का, त्यावर सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही. तुमचे नाना तर आत्ता गेलेत.

नानांनी स्वतः घेतलेली जमीन असेल अन् मृत्युपत्र नसेल तर माय, भाऊ अन् तुम्ही सारखे वारस. तुम्ही दोघंच भावंडं असाल अन् आजी हयात नसेल तर तिघांना एकेक तृतीयांश. आजोबांकडून आलेल्या जमिनीचा हिशोब जरा फिरून जातो पण शेवटी तिथेच येतो. मायचा हिस्सा कोणी बोलतच नाही बघा. माय रडते तेव्हा तिला विचारा, तुझं नाव लागतंय का गं? मला तर वाटतं तिच्यापुढे पण तसलाच एक कागद ठेवला असणार.

कागदाबद्दल नीट लक्षात ठेवा. वारस लावणं अन् हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस लावायला तुमची हक्क सोडल्याची सही लागतच नाही, उलट सगळ्या वारसांची नावं लागायला पाहिजेत. मृत्यूचा दाखला घेऊन वारस नोंदीचा अर्ज तुम्ही स्वतः तलाठ्याकडे देऊ शकता. नोंद धरली की संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, अन् हरकत आली तर मंडळ अधिकारी दोघांचं ऐकून निकाल देतात, तो पटला नाही तर प्रांताकडे अपील आहे. जमिनीतला हक्क कागदावर सोडायचा तर तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, घरात केलेल्या सहीने तो सुटत नाही. पण म्हणून "करून टाकू, काय होतंय" असं नको, त्याच सहीच्या जोरावर पुढे बोलतात. अन् एकदा नोंदणी झाली की एकट्याच्या मनाने रद्द होत नाही, फसवून किंवा दबावाने घेतली हे कोर्टात दाखवावं लागतं, त्यालाही मुदत असते, साधारण तीन वर्षं.

भावाचं. त्याच्याशी आत्ता वकिलाच्या भाषेत बोलू नका. फोन घेत नसेल तर चिठ्ठी पाठवा, "दादा, नाव लागू दे सगळ्यांचं, जमीन तूच कर, वाटणीचं सावकाश बसून बोलू." नाव लागणं म्हणजे उद्या बांध घालणं नाही हे बऱ्याच भावांना कळत नाही म्हणून ते घाबरतात. तरी ऐकलं नाहीच तर जिल्हा किंवा तालुका कोर्टात विधी सेवेचं ऑफिस असतं. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१०० ला करा.

अन् आभारांचं म्हणाल तर तुमच्या बायकांनी तुम्हाला काय दिलं? मला विचाराल तर सवड दिली. कायदा २००५ चाच आहे, तो तुमच्या माहेरी पण लागू होता, पण ताटं उचलायच्या आत तो आठवायला आधी कोणीतरी मोठ्याने बोललेलं असावं लागतं. मॅडमना सांगा काय झालं ते, सगळ्यांसमोर सांगा. ती न बोलणारी आजी पण ऐकेल. रडू आलं तर येऊ द्या.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला, अडीच एकर केळी. तिन्ही बहिणींची लग्नं कर्ज काढून केली, भाच्यांची जावळं, मामाचा आहेर, काही कमी केलं नाही. आता गावातल्या बायका जमून त्यांचे कान भरतात. मग आम्ही दिलं त्याचा हिशोब कोण करणार?

उत्तर : दादा, कायदा संसदेने केलाय, ओट्यावरच्या बायकांनी नाही. त्या फक्त एकमेकींना वाचून दाखवतात. लग्नाचा खर्च अन् आहेर हिश्शातून वजा होत नाही, तुमच्या लग्नाचा झाला असता का?

पण तुमची दुसरी अडचण खरी आहे अन् ती कोणी ऐकत नाही. सातबारावर चार नावं असली की पीककर्जाला सगळ्यांची संमती मागतात, ड्रिप-बेण्याचा पैसा तुम्ही घालता, वादळात झोपली बाग तर रात्र तुमची जाते. हे सगळं वहीत लिहा अन् बहिणींना बोलवा, सणाच्या दिवशी नाही, साध्या दिवशी. अडीच एकराचे तुकडे करायचेत असं कोणी म्हणत नाहीये. जमीन एकत्र ठेवून दरवर्षी काही देणं ठरवता येतं, किंवा मोबदला देऊन हिस्सा घेता येतो, फक्त जे काही ठरेल ते नोंदणी करून, मोबदल्याचा आकडा खरा लिहून. एखादी बहीण स्वखुशीने सोडेलही. स्वखुशीने म्हणजे वाचून, विचार करून, चार दिवसांनी.

प्रश्न : शहाद्याकडची भिल बाई आहे मी. माझी आजी १९७२ च्या वेळी गावोगाव दारूची मडकी फोडणाऱ्या बायकांत होती, ती त्या मैत्रिणींचं नाव अजून काढते. आम्हाला हा मुलींचा हिस्स्याचा कायदा लागू आहे का?

उत्तर : आजींना माझा नमस्कार सांगा. बायकांनी जमून हक्काचं बोलायचं हे नवीन खूळ आहे म्हणणाऱ्यांना मी शहाद्याचंच सांगत असते.

हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, कलम २(२) मध्येच तसं लिहिलंय. पण म्हणून बाईला काहीच नाही असंही नाही. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने बाईच्या वारसांना पुरुषाबरोबरीचा हिस्सा दिला, कारण बाईला वगळण्याची रूढी समोरच्यांना दाखवता आली नव्हती. तुमच्या घरचं प्रकरण कसं आहे ते विधी सेवेच्या वकिलाला विचारा, इथे दोन ओळीत सांगणं बरोबर नाही.

अन् तुम्ही वनजमीन कसत असाल तर तिथे गोष्ट जास्त सरळ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. घरातला पट्टा काढून बघा तुमचं नाव त्यावर आहे का, नसेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे लेखी द्या अन् त्याची पोच घ्या.