कूलर असलेल्या घरी आधी अर्थिंग तपास

वायरमनचा परवाना हाती आल्यावर पहिले काम बहुधा गावातल्याच एखाद्या घराचे मिळेल, आणि मालक सर्वप्रथम अर्थिंगचाच खर्च वाचवू पाहील. तेथे नमते घेऊ नकोस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी लोखंडी पत्र्याचे कूलर पाण्याने भरून चालतात. मोटरचे इन्सुलेशन गेले आणि अर्थिंग नसले, तर पत्र्यात थेट करंट उतरतो. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यात उत्तम दिसलेले अर्थिंग नेमके कूलरच्या दिवसांत निकामी ठरू शकते. म्हणून त्याचा रेझिस्टन्स मे महिन्यात पुन्हा मोजावा आणि खड्ड्यात पाणी घालत राहण्यास घरच्यांना सांगावे. गळता करंट ओळखून वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचाही आग्रह धर. जादा करंट आला की पडणारा एमसीबी माणसाला नव्हे, तारेला वाचवतो.

मला अधिक खटकते ती वायरिंगच्या तपासणीतली हयगय. टेस्ट रिपोर्ट म्हणजे वीजजोडणीच्या अर्जाला लावायचा कागद, एवढेच समजून घराची पायरी न चढता सह्या करणारे मी पाहिले आहेत, आणि (कबूल करतो) उमेदवारीत मीही एकदा उस्तादांच्या सांगण्यावरून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचे यंत्र, न लावताच आकडे लिहिले होते. ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन १ मेगओहमपेक्षा कमी आले, तर सही करू नकोस. मात्र नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सैल जॉइंट मेगरलाही सापडत नाही, आणि गिलावा झाल्यावर तो डोळ्यांनाही दिसत नाही. त्यासाठी भिंती उघड्या असतानाच तुला स्वतः जाऊन पाहावे लागेल.