हँडलबार रायझर किती उंचीचा घ्यावा?

प्रश्न: माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे, उंची ६ फूट १ इंच. खराब रस्त्यावर फूटपेगवर उभा राहून चालवतो तेव्हा हँडल फारच खाली वाटतं, वाकून वाकून खांदे भरून येतात. ऑनलाइन ५० मिमीपर्यंतचे रायझर (हँडलखाली बसवून ते उंच करणारे ठोकळे) दिसतायत, घ्यायचाच तर मोठाच घेऊ का? घरी बसवता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: घरी बसेल, पण ५० चा नका घेऊ. रायझर किती उंच चालेल हे तुमच्या उंचीवर नाही, केबल आणि ब्रेकच्या पाइपवर ठरतं. आधी फुकटातला उपाय करा, क्लॅम्प (हँडल धरून ठेवणारी पकड) सैल करून हँडल थोडं पुढे-वर फिरवून बघा, कधी कधी तेवढ्यात काम होतं. नाहीच झालं तर २५ च्या आसपासचा घ्या. आणि एक लक्षात ठेवा, स्टेम, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो दांडा, मागे कललेला असतो ना, त्यामुळे सरळ रायझरही हँडल नुसतं वर नेत नाही, २५ मिमीला साधारण १ सेंमी मागेही आणतो, म्हणजे बसून चालवताना हात जास्त दुमडतात.

बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला म्हणजे शॉकअप पूर्ण सुटतील, मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग कुठेही ताणलं जाता कामा नये. पाइप ताणला जात असेल तर रायझर काढा किंवा लांब पाइप टाका, ब्रेकच्या बाबतीत "चालतंय की" अजिबात नको. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून परत फिरवा. वळवताना आयडलिंग वाढलं तर अॅक्सिलरेटर केबल ओढली जातेय, आणि हे घाटातल्या वळणावर झालं तर गाडी आपोआप रेझ होईल, म्हणून ही टेस्ट चुकवू नका. क्लचचा फ्रीप्लेही (लिव्हर दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) बघा, तो गेला तर क्लच स्लिप होतो.

बोल्ट लांब लागतात, जुनेच अर्ध्या आट्यांवर अडकवू नका. ८ मिमीचा बोल्ट असेल तर निदान १२ मिमी तरी आत गेला पाहिजे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) नसेल तर शेवटचं टाइट करायला ओळखीच्या मेकॅनिककडे जा, क्लॅम्प अॅल्युमिनियमचा असतो, जोर लावला की आटे जातात. पहिल्या मोठ्या राइडनंतर बोल्ट परत तपासा.