‘जमतं हो कसंबसं’

“मिळालंय तेवढं राहू दे गं. उगाच खाजवून खरूज कशाला काढायची?”

काकू समोर बसल्या होत्या, हातात डीडब्ल्यूपीचं, म्हणजे इथल्या सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याचं पत्र. शेजारी धुमसणारे काका. काकूंचं वय ५७, दुखणं आमवाताचं. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेत. पीआयपीचा, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या आजारपण-अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्याचा निकाल आला होता. रोजच्या जगण्याच्या भागात ८ पॉइंट, हिंडण्याफिरण्याच्या भागात ४. पहिल्या भागाचे पैसे मंजूर, दुसऱ्याचे नाहीत. काका म्हणत होते, भांडायचं. काकूंना वाटत होतं, भांडलो तर हातचंही जाईल.

इंग्लंडमध्ये भत्त्यांबद्दल सल्ला द्यायचं काम करताना ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते. ती खोटी नाही. फेरविचार मागितला, ज्याला इथे मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात, की तुमच्या तक्रारीपुरताच नाही, अख्खा निर्णय पुन्हा उघडू शकतो. पॉइंट वाढतात तसे कमीही होतात. त्यात काकूंचे ८ म्हणजे अगदी उंबरठ्यावरचे. प्रत्येक भागात ८ ला साधा दर, १२ ला वाढीव. आठाचे सहा झाले की त्या भागाचं काहीच नाही. २०२५-२६ च्या दराने आठवड्याचे ७३.९० पौंड पणाला लागणार होते.

म्हणून अन्याय झालाय की नाही, हा काकांचा मुद्दा मी बाजूला ठेवला. आधी बघायचं होतं की मिळालेले ८ कशावर उभे आहेत. स्वयंपाक, अंघोळ, कपडे, टॉयलेट, चारही ठिकाणी साधन लागतं म्हणून २-२. उंच स्टूल, शॉवरमधली खुर्ची, बटणं लावायचा हुक, टॉयलेटची उंच सीट. यातलं बरंचसं ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ) दिलेलं आणि तसं तिचं पत्रही घरात होतं. ते पत्र बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला. हा पाया सहज हलणारा नव्हता.

मग चालण्याचे ४. डीडब्ल्यूपीला फोन करून तपासणीच्या अहवालाची प्रत मागवली. (ती मागितली की मिळते, आणि निर्णयपत्रापेक्षा तीच जास्त बोलते.) तपासणी फोनवर झाली होती. त्यात एक वाक्य होतं: कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाते, असं सांगितलं. अंतर दीडेकशे मीटर. ५० ते २०० मीटर चालता येतं त्याला ४ पॉइंट, म्हणजे हिशेब बरोबर. आधाराशिवाय फक्त २० ते ५० मीटर जमत असेल, तर ८.

“काकू, दुकानात जाता?”

“जाते की. जमतं हो कसंबसं.”

हे ‘जमतं’ आपल्या माणसांना फार महागात पडतं. परक्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, ही आपली शिकवण. पण समोरचा ‘जमतं’ एवढंच लिहून घेतो, ‘कसंबसं’ वहीपर्यंत पोचतच नाही. आणि पीआयपीचा नियम नेमका त्या ‘कसंबसं’बद्दल आहे. एखादी गोष्ट जमते असं धरायला ती सुरक्षितपणे, धड, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता यायला हवी. शिवाय निम्म्याहून जास्त दिवस काय परिस्थिती असते, ते बघतात. एखाद्या चांगल्या दिवसावर मोजायचं नसतं.

मी खोदून विचारत गेले. दुकानापर्यंत तीनदा थांबावं लागतं. परत आल्यावर उरलेला दिवस पलंगावर. आणि आठवड्यातले चार-पाच दिवस काकू घराच्या फाटकाच्या पुढे जातच नाहीत. काका गप्प झाले. ते सकाळी कामावर जातात, त्यांनाही हे नवीन होतं.

“पण मग मी फोनवरच्या त्या बाईंशी खोटं बोलले का गं?” काकूंनी विचारलं. नाही, अर्धंच बोललात, असं मी म्हटलं. त्या जरा वेळ हुकाच्या मुठीशी चाळा करत बसल्या.

दोन आठवडे रोज दोन ओळी लिहायला सांगितल्या: किती चालले, कुठे थांबले, नंतर काय झालं. वेळ तेवढाच होता. पत्रावरच्या तारखेपासून एक महिना मिळतो आणि त्यातले नऊ दिवस पोस्टात आणि विचारात गेले होते. (उशीर झालाच, तर सबळ कारण देऊन तेरा महिन्यांपर्यंत मागता येतं, पण ते मान्य होईलच असं नाही.) अर्जात ‘अन्याय’ हा शब्द घातला नाही. चालण्याचा एकच मुद्दा, नोंदी आणि जीपीचं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचं पत्र. मिळणारे पैसे तोवर चालूच राहतात, हे ऐकल्यावर काकूंनी सही केली.

सगळ्यांना मी ‘लढा’ म्हणत नाही. त्याच महिन्यात एक गृहस्थ ११ पॉइंट घेऊन आले होते, वाढीव दराला एकच कमी. आम्ही रोजच्या जगण्याच्या भागातली दहाच्या दहा कामं धुंडाळली, पण त्यांच्या खऱ्या दिवसात बसेल असा तो एक पॉइंट कुठेच सापडला नाही. उलट आधीच्या दोन ठिकाणी जरा सढळ हाताने दिलेले दिसले. मी म्हटलं, पत्र फाइलला लावा. ते नाराज होऊन गेले.

फेरविचारात ‘बदल नाही’ असं बऱ्याचदा येतं, तेव्हा पुढे स्वतंत्र ट्रायब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायमंडळ आहे, त्यालाही एक महिन्याची मुदत आणि फी नाही, हे मी काकूंना सांगून ठेवलं होतं. (स्कॉटलंडमधल्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये, तिथे ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे.) ट्रायब्युनलची पाळी आली नाही. पत्र आलं: चालण्याचे ८, आठवड्याला २९.२० पौंड जास्त, पहिला निर्णय जेव्हापासून लागू होता, तेव्हापासून.

काकूंचा फोन आला. पैशांचं काही बोलल्या नाहीत.

“अगं, आता एखाद्या चांगल्या दिवशी दुकानात गेले तर चालेल ना?”

“जा की,” मी म्हटलं. “वाटेत बसायला ती घडीची, बैठक असलेली काठी न्या.”