दारव्ह्याकडच्या खेड्यात केटीएम 390 ड्यूक ही मोटारसायकल चालेल का? कंपनी जुनी आहे की नवी?

भाऊ, कंपनी कालची नाही. 1934 मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्ट्स यांनी ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनला दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यातून ही उभी राहिली. 2001 ते 2019 डकार रॅली या लांब पल्ल्याच्या खडतर शर्यतीत मोटारसायकल गटात यांना कोणी हरवलंच नाही. पहिली ड्यूक 1994 ची. 390 मात्र आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते.

डांबरी रस्त्यावर गाडी भन्नाट. 2023 मध्ये आलेल्या पिढीत 399 सीसीचं एक सिलिंडर, ताकद 46 पीएसच्या (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच्या) आसपास. खरी गोची पांदण रस्त्यावर. नेकेड गाडी, म्हणजे बाहेरून झाकणारं आवरण नाही, त्यामुळे इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर पुढच्या चाकामागे उघडाच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच्या जाळीत बसतो, वाळला की सिमेंट! मग हवा जात नाही, पंखा भणभणत राहतो आणि इंजिन तापतं. धुताना प्रेशरचा फवारा तिथे मारू नका, बारीक पात्या वाकतात. साध्या पाइपानं भिजवून चिखल सोडवा.

रोज वावरातच जायचं असेल तर शंभर-सव्वाशे सीसीची गाडी बरी. कापसाचं गाठोडं काही हिच्यावर बसत नाही. यवतमाळ-नागपूर फिरणं जास्त असेल तर बिनधास्त घ्या, फक्त सर्व्हिस सेंटर किती लांब पडतं ते आधी पाहा.