खटक्याचा चक आणि त्यात बसणारं बिट

निपाणीहून प्रश्न आला आहे : बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल मशीनला हल्ली 'क्विक चेंज चक' येतो, (चक म्हणजे ड्रिल किंवा बिट धरून ठेवणारा मशीनचा पुढचा भाग), त्याला मराठीत काय म्हणावं? दुकानात 'हेक्स बिट द्या' म्हटल्यावर एकदा मिळालेलं बिट मशीनमध्ये अडकलंच नाही, दुसऱ्यांदा त्याचं टोकच भलतं निघालं. यात चूक शब्दाची की मालाची? शिवाय भोक पाडायचं तेही बिट आणि स्क्रू पिळायचं तेही बिट, हे बरोबर का?

चूक शब्दाची आहे, आणि ती एकट्या गिऱ्हाइकाची नाही. आपण बिटाला त्याच्या टोकावरून ओळखतो, मशीन मात्र त्याला दांड्यावरून, म्हणजे चकात जाणाऱ्या मागच्या भागावरून ओळखतं.

आधी चकाचं बघू. 'चक' शब्द बदलायची गरज नाही. बेळगावात उद्यमबागेतल्या लेथवर काम करणारा कामगार तीन जबड्यांचा चक, चार जबड्यांचा चक असं रोज बोलतो, आणि ड्रिलचा चक हा त्याच घराण्यातला. उच्चार 'चंद्र'मधल्या च-चा, 'चाक'मधल्या च-चा नव्हे. रूपं 'चकाला', 'चकात', 'चकाची चावी' अशी सरळ चालतात. त्यामागे जोडायचा शब्द मात्र मराठी हवा, आणि त्याने पकड कशी बसते ते सांगावं. त्या हिशेबाने तीन नावं पुरतात : चावीचा चक, हाताने आवळायचा चक आणि खटक्याचा चक. 'क्विक चेंज'साठी 'शीघ्रबदल' हा शब्द वाचनात येतो. तो कागदावर ठीक दिसतो, पण दुकानात कुणी बोलणार नाही. 'खटका' मात्र आपल्याकडे दिव्याच्या बटणाला आहे, चाकूला आहे. ओढलं, सोडलं, खट्‌ करून अडकलं, ही क्रिया त्यात पुरेपूर येते. 'बिनचावीचा चक' म्हणू नये, कारण हाताने आवळायचा आणि खटक्याचा या दोघांनाही चावी नसते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

चावीचा तीन जबड्यांचा ड्रिल चक आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये अमेरिकेत पेटंट केला, आणि आजचा हाताने आवळायचा चकही त्याच बांधणीचा आहे. कॉलर, म्हणजे बाहेरचं गोल कडं, फिरवलं की आतले तीन तिरपे जबडे पुढे सरकत जवळ येतात. १० मिमीचा चक साधारण ०.८ ते १० मिमीपर्यंतचा आणि १३ मिमीचा चक १.५ ते १३ मिमीपर्यंतचा दांडा धरतो. चावीच्या चकात चावी एकाच भोकात घालून पिळणं पुरेसं नसतं, तिन्ही भोकांतून फिरवून आवळावं लागतं, नाहीतर जबड्यांवर ताण सारखा येत नाही आणि ड्रिल (भोक पाडायची पिळाची सळई) घसरतं. हाताने आवळायच्या चकात दुसरी चूक होते. बारीक ड्रिल तीन जबड्यांच्या मधोमध न बसता दोनच जबड्यांच्या फटीत अडकतं आणि मशीन चालू केलं की टोक गरगर वाटोळं फिरतं. म्हणून आवळण्याआधी ड्रिल बोटांनी मधोमध धरावं.

खटक्याच्या चकात जबडेच नसतात. तिथे एक षटकोनी बोगदा असतो. त्याची समोरासमोरच्या दोन बाजूंमधली रुंदी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. आपल्या कारागिरांच्या भाषेत दोन सूत. (आठ सुतांचा इंच.) बोगद्याच्या भिंतीत एक छोटा पोलादी छर्रा बसवलेला असतो आणि बाहेरून स्प्रिंगची कॉलर त्याला आत दाबून धरते. कॉलर ओढली की छर्ऱ्याला मागे सरकायला जागा मिळते आणि बिट आत जातं. कॉलर सोडली की छर्रा बिटाच्या खाचेत उतरतो. काही मशीनांत कॉलर न ओढता नुसतं बिट ढकललं तरी चालतं, काढताना मात्र ओढावीच लागते. फिरवण्याचं काम षटकोन करतो, बिट बाहेर येऊ न देण्याचं काम छर्रा करतो. ही दोन कामं वेगळी आहेत हे कळलं की 'बिट बसतंय, पण अडकंना' या तक्रारीचं कारण आपोआप सापडतं : षटकोन जुळला आहे, खाच जुळलेली नाही.

खाचेचे प्रकार पाहा. पेटीत दहा-वीस मिळतात ती २५ मिमी लांबीची आखूड बिटं. त्यांच्या षटकोनाच्या कोपऱ्यांवर नुसत्या बारीक खोबणी असतात, सभोवार फिरणारी गोल खाच नसते. ती बिटं थेट खटक्याच्या चकात टाकली तर बहुतेक मशीनांत छर्ऱ्याला धरायला काही मिळत नाही. स्क्रू फळीत बसतो, मशीन मागे घेतलं की बिट स्क्रूच्या डोक्यातच राहतं, किंवा उलट बोगद्यात इतकं आत जातं की पक्कडीने ओढावं लागतं. या बिटांसाठी चुंबकाचा होल्डर घ्यावा. तो साधारण ६० मिमीचा असतो, त्याच्या मागच्या दांड्याला गोल खाच असते आणि पुढच्या टोकात आखूड बिट बसतं. थेट चकात घालायची बिटं ५० मिमी किंवा त्याहून लांब असतात आणि त्यांच्या दांड्याला सभोवार खाच असते. यांना 'खाचेचं बिट' आणि आखूड बिटांना 'होल्डरचं बिट' म्हणावं, बोलायला सोपं आहे.

आणखी एक बारकावा दुकानदारही क्वचित सांगतात. गोल खाच दांड्याच्या मागच्या टोकापासून किती अंतरावर आहे, याच्या दोन पद्धती आहेत. युरोप-अमेरिकेकडच्या बिटांत हे अंतर सुमारे ९ मिमी असतं, जपानी पद्धतीच्या बिटांत १३-१४ मिमी. मशीनचा बोगदाही त्याप्रमाणे उथळ किंवा खोल असतो. खोल बोगद्यात ९ मिमीचं बिट घातलं की ते आत जाऊन टेकतं, पण खाच छर्ऱ्याच्या पलीकडे गेलेली असते आणि बिट सहज बाहेर येतं. यावर उपाय आहे : बोगद्यात आधी एक छोटा धातूचा तुकडा, ज्याला 'बिट पीस' म्हणतात, टोकदार बाजू आत करून घालायचा आणि मग बिट. तेवढ्याने खाच छर्ऱ्यासमोर येते. उथळ बोगद्यात लांब खाचेचं बिट घातलं तर उलट होतं, खाच बाहेरच राहते आणि कॉलर पूर्ण मागे येत नाही. म्हणून कुठलंही बिट लावल्यावर दोन गोष्टी बघाव्यात : कॉलर आपल्या मूळ जागी परतली का, आणि बिट ओढल्यावर बाहेर येत नाही ना. लाकडाच्या भुशाने किंवा सिमेंटच्या धुळीने कॉलर अडकली तरी हीच लक्षणं दिसतात. तेव्हा हवा मारून धूळ काढावी, पातळ तेलाचा एक थेंब सोडावा आणि कॉलर आठ-दहा वेळा पुढेमागे करावी.

आता 'हेक्स बिट'. या दोन शब्दांचे बाजारात दोन अर्थ आहेत. दांडा षटकोनी असलेलं बिट हा एक. टोक षटकोनी असलेलं, म्हणजे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खड्डा असलेला बोल्ट) पिळायचं बिट हा दुसरा. गिऱ्हाइकाच्या मनात पहिला आणि दुकानदाराच्या मनात दुसरा, असं झालं की टोक भलतं निघतं. 'हेक्स' शब्द वापरायचाच तर 'हेक्स दांड्याचं' किंवा 'हेक्स टोकाचं' असं पूर्ण बोलावं. टोकाच्या नावांत आणखी एक गल्लत आहे ती 'प्लस'ची. पीएच २ (फिलिप्स) आणि पीझेड २ (पोझीड्राइव्ह) दोन्ही फुल्याच, पण पीझेडच्या स्क्रूवर मुख्य फुलीच्या मधे चार बारीक तिरप्या रेघा असतात. पीएचचं बिट त्यात हलतं आणि डोकं खातं. जिप्सम बोर्डाच्या काळ्या स्क्रूंना पीएच २ लागतं.

बिट आणि ड्रिल यांच्याबद्दल. मराठीत भोक पाडायच्या हत्याराला जुने शब्द होते : सुताराचं गिरमिट, सामता. सीमाभागात कन्नड सुतार बैरिगे म्हणतो. (बेळगाव-धारवाडकडे आज गिरमिट म्हटलं की आधी चुरमुऱ्याची बशी डोळ्यासमोर येते, म्हणून तो शब्द हत्यारासाठी परत आणण्याचा आग्रह इथे तरी धरू नये.) चलनात आहे तेच नीट वाटून घेऊ. भोक पाडतं ते 'ड्रिल', स्क्रू पिळतं ते 'बिट', आणि यंत्र ते 'ड्रिल मशीन'. 'ड्रिल बिट' चूक नाही, पण 'बिट' एकटं आलं की स्क्रूचंच समजावं, हा संकेत बऱ्याच दुकानांत पाळला जातो आणि तो चांगला आहे. लिहिताना 'बिट' ऱ्हस्व ठेवावं. दीर्घ 'बीट' हा लाल कंद आहे.

हे वाटून घेतलं की पुढचा नियम एका वाक्यात सांगता येतो : साधं ड्रिल गोल दांड्याचं असतं आणि खटक्याच्या चकात गोल दांडा धरला जात नाही. त्यासाठी षटकोनी दांड्याची ड्रिलं वेगळी मिळतात, किंवा षटकोनी दांड्यावर बसवलेला छोटा तीन जबड्यांचा चक जोडता येतो. पण या जोडाने मशीन लांब होतं आणि थरथर वाढते. खटक्याच्या चकातच मुळात थोडी ढिलाई असते, कारण बिट सरकून आत जायला फट लागते. स्क्रू पिळताना ती जाणवत नाही. लोखंडी पट्टीत ३ मिमीचं भोक नेमकं पाडायचं असेल तर जाणवते : भोक मोठं होतं किंवा ड्रिल तुटतं. तिथे तीन जबड्यांचाच चक घ्यावा. याउलट षटकोनी दांड्याचं बिट तीन जबड्यांच्या चकात उत्तम बसतं. मात्र जबडे षटकोनाच्या सपाट बाजूंवर टेकले पाहिजेत. कोपऱ्यांवर टेकले तर दांडा जाड भरतो (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.३ मिमी) आणि फिरताना पकड सुटते.

एसडीएस प्लसचा दांडा तिसराच. १० मिमी जाड, लांब खोबणींचा. १९७५ च्या सुमारास बॉशने तो काँक्रीट फोडणाऱ्या हॅमरसाठी आणला. तोही खटक्यानेच अडकतो, पण तिथे दांडा मुद्दाम घट्ट धरलेला नसतो, आघाताबरोबर तो पुढेमागे सरकावा लागतो. त्याचा ड्रिल साध्या १३ मिमीच्या चकात आवळला तर जबडे खोबणींत अर्धवट बसतात आणि दोघांचंही नुकसान होतं. खानापूर-जांबोटीकडे जांभ्या दगडाच्या भिंती आहेत, तिथे या हॅमरची गरजही सहसा पडत नाही. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. कार्बाइडच्या टोकाचं साधं ड्रिल आघात बंद ठेवून चालवावं, नाहीतर भोक फाकतं आणि त्यात स्क्रूसाठी बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग ढिला राहतो.

'इम्पॅक्ट' या शब्दाने तर तीन यंत्रं एका नावाखाली आणली आहेत. इम्पॅक्ट ड्रिल समोरून, ड्रिलच्या दिशेने ठोके देतं. चक तीन जबड्यांचा, काम विटेच्या भिंतीचं. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरण्याच्या दिशेने ठोके देतो. चक खटक्याचा, काम लांब स्क्रूंचं. इम्पॅक्ट रेंचला चकच नसतो, बहुधा चार सुती चौकोनी खुंटी असते आणि तिच्यावर सॉकेट बसतो. बॉशच्या मशीनांवरची अक्षरं पाहिली तरी फरक कळतो : जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल, जीएसआर नुसतं ड्रिल-ड्रायव्हर, जीडीआर इम्पॅक्ट ड्रायव्हर, जीडीएस रेंच, जीबीएच एसडीएसचा हॅमर. मराठीत पहिल्याला 'ठोक्याचं ड्रिल' आणि दुसऱ्याला 'झटक्याचा ड्रायव्हर' म्हटलं तर ठोका समोरून की वळणात, हे नावातच येईल.

दुकानात मागताना, दुकानदार मराठी असो वा कन्नड, क्रम असा ठेवावा : आधी दांडा, मग खाच, मग लांबी, शेवटी टोक. 'षटकोनी दांडा पाव इंची, गोल खाचेचं, लांबी ५०, टोक पीएच २.' भोकासाठी हवं असेल तर 'ड्रिल, षटकोनी दांडा पाव इंची, लोखंडासाठी, ५ मिमी.' मशीनचा बोगदा खोल असेल तर खाच ९ ची की १३ ची हेही चिठ्ठीवर लिहावं, आणि शक्य असेल तर जुनं, नीट अडकणारं एक बिट सोबत नेऊन नव्याच्या शेजारी धरून खाचा जुळवून बघाव्यात.