वाचकांचे प्रश्न : यँकीजचे गोलंदाज आणि 26 जणांची यादी

प्रश्न : 2025 चा हंगाम सुरू होण्याआधीच न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे प्रमुख पिचर (गोलंदाज) जायबंदी झाले. अशा वेळी संघ बाहेरून नवा खेळाडू का विकत घेत नाही?

उत्तर : मार्चमध्ये गेरिट कोलच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, म्हणजे फाटलेल्या अस्थिबंधाची पुनर्रचना करावी लागली, आणि तो संपूर्ण हंगामाला मुकला. त्याआधी लुईस हिलच्या पाठीचा स्नायू दुखावला होता, आणि क्लार्क श्मिटचा खांदाही कुरकुरू लागला. मार्चमध्ये चांगला पिचर सोडायला कोणताही संघ सहजासहजी राजी होत नाही. झालाच, तर बदल्यात उमदे तरुण खेळाडू मागतो. पिचर मॅक्स फ्रीडला 8 वर्षांसाठी 21.8 कोटी डॉलर मोजलेल्या यँकीजने म्हणूनच घरातल्यांवर भिस्त ठेवली, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

सराव शिबिरात केवळ निमंत्रित म्हणून, म्हणजे मुख्य संघात जागा पक्की नसताना आलेल्या, 38 वर्षांच्या कार्लोस करास्कोला त्यामुळे सामन्यांसाठीच्या 26 जणांच्या यादीत जागा मिळाली. 2019 मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान होऊनही त्याच वर्षी मैदानावर परतलेल्या या खेळाडूचे नाव यादीत पाहून मला मनापासून आनंद झाला. त्याच्या जोडीला तरुण विल वॉरनही आला. यात नियमाचीही मदत होते : हे 26 जण ज्या मोठ्या यादीतून निवडले जातात, त्या 40 जणांच्या यादीत 60 दिवसांच्या जायबंदी यादीत टाकलेला खेळाडू मोजला जात नाही, त्यामुळे कोणालाही न गमावता नव्या माणसासाठी जागा मोकळी होते.