“मना पोऱ्या मना नही राहिना”: ब्रेनवॉश झालेल्या मुलाच्या घरच्यांसाठी

“ताई, मना पोऱ्या आते मना नही राहिना.” खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याची आई हे बोलली, मग पदर तोंडाला लावून बराच वेळ गप्पच. वडील दारात उभे, चपला काढायच्या की नाही या विचारात. गाव अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं, घरी कापूस, थोडी दादर ज्वारी, एक म्हैस. मुलगा २३ वर्षांचा, बीएस्सी झालेला, सात महिन्यांपूर्वी सुरतला नोकरी लागली म्हणून गेला आणि तिथल्या एका साखळी-मार्केटिंगवाल्या, म्हणजे पैसे भरून पुढे आणखी माणसं जोडायला लावणाऱ्या ग्रुपमध्ये अडकला. घरात त्याला दादू म्हणतात, मी पण तेच लिहिते. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

हे लिहायचं कारण म्हणजे मी समुपदेशन करते आणि हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी सारखा विचारला जातो. कुणाची मुलगी एखाद्या बाबाच्या आश्रमात जाऊन बसलेली असते, कुणाचा भाऊ मोबाईलवरच्या एखाद्या कट्टर ग्रुपमध्ये इतका शिरलेला असतो की शेजारच्या लहानपणच्या मित्राशी बोलणं बंद केलेलं असतं, आणि सगळे एकच विचारतात, ब्रेनवॉश झालंय, ते काढता येतं का?

वडिलांनी पहिला प्रश्न केला तो असा, “त्याला काही पाजलं असेल का?” दोन वेळा भगताकडे जाऊन आले होते, उतारा पण केला होता. मी त्यांना रागावले नाही. पोरगा अचानक परक्यासारखा बोलायला लागला तर माणूस काय करणार, त्याला कारण पाहिजेच असतं. पण जे खरं आहे ते सांगितलं. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने १९५३ पासून एमके-अल्ट्रा नावाचा गुप्त कार्यक्रम चालवला, लोकांना न सांगता एलएसडीसारखी ड्रग्ज दिली, संमोहन करून बघितलं, लोकांची आयुष्यं नासवली, आणि एवढं करूनही माणसाचं मन हवं तसं वळवणारं औषध काही त्यांच्या हाती लागलं नाही. तर सुरतच्या एका खोलीत चहातून कोण काय देणार आहे आप्पा.

ब्रेनवॉशिंग हा शब्दसुद्धा भीतीतूनच पसरलेला. एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १९५० मध्ये तो वापरला, चिनी भाषेतल्या ‘मेंदू धुणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून. पुढे कोरियन युद्ध संपल्यावर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी घरी यायला नकार दिला, आणि शत्रूकडे काहीतरी जादू आहे असं तिकडच्या लोकांनाही वाटलं. त्या २१ मधले बहुतेक जण नंतरच्या वर्षांत आपापल्या पायांनी अमेरिकेत परतले, ते मात्र कुणी सांगत नाही. मी ते प्रत्येक आईबापाला सांगते.

मग दादूचं झालं काय? तर जादू नाही, पायऱ्या. कॉलेजच्या मित्राचा फोन, डाटा एन्ट्रीचं काम आहे, पगार १८ हजार, राहणं-जेवण फ्री. गेल्यावर कळलं आधी तीन दिवस ट्रेनिंग. तीन दिवस सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत हॉलमध्ये, टाळ्या, म्युझिक, रडणारी पोरं, स्टेजवर टाय लावलेले सर “माझे वडील पण शेतकरी होते” असं म्हणत आईच्या फाटक्या लुगड्याची गोष्ट सांगणारे. झोप नाही. बाहेरच्या कुणाशी निवांत बोलणं नाही. चौथ्या दिवशी ४२ हजाराचं पॅकेज विकत घ्यायचं, त्यासाठी घरी खोटं बोलून पैसे मागवले, आईने तिची पोत गहाण ठेवली. एका खोलीत चौदा पोरं. घरचा फोन आला की स्पीकरवर घ्यायचा, बाजूला सिनियर बसलेला.

रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कम्युनिस्ट चीनमधल्या सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या ४० लोकांशी हाँगकाँगमध्ये बोलून १९६१ साली अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली. बाहेरची हवा बंद करणं, सगळ्यांसमोर कबुल्या देणं, आपलेच ठरावीक शब्द वापरणं, सिद्धांत आणि माणसाचा अनुभव जुळला नाही तर माणूसच चूक ठरवणं वगैरे. वाचताना कम्युनिस्ट तुरुंग आठवतो, पण दादूच्या खोलीत यातलं बरंचसं होतं. नोकरी म्हणजे गुलामी. प्रश्न विचारणारा म्हणजे निगेटिव्ह. एवढे दोन शब्द पक्के बसले की डोक्यात पुढचा विचार यायच्या आधीच दार बंद होतं. वरचे पैसे मिळत नाहीत? मग तुझा विश्वास कमी पडला. चूक कायम पोराचीच.

आणि हुशार पोरं अडकत नाहीत हा समज काढून टाका. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरिन वायू सोडणाऱ्या पंथात शिकलेसवरलेले डॉक्टर, शास्त्रज्ञ होते. दादूला विज्ञानात डिस्टिंक्शन होतं. त्याला अक्कल कमी नव्हती, त्याला गावात तोंड दाखवायला जागा कमी पडत होती. दोन वर्षं बेकार, भरतीच्या परीक्षा एकदोन मार्कांनी गेलेल्या, लग्नाचं कुणी विचारत नाही, चावडीवर “काय करतोस सध्या?” हा एकच प्रश्न, आणि त्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी त्याला कुणीतरी ‘सर’ म्हणालं. हे नीट समजून घ्या कारण इथेच सगळं आहे.

आता घरच्यांनी काय केलं ते. पहिल्या महिन्यात समजावणं, दुसऱ्यात शिव्या, तिसऱ्यात वडील म्हणाले घरात पाय ठेवू नको, आणि मामांनी तर ठरवलं होतं की गाडी भरून जायचं, पोराला उचलून आणायचं आणि मळ्यातल्या खोलीत कोंडून ठेवायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत अगदी हेच चालायचं, डिप्रोग्रामिंग म्हणायचे, तरुणांना पळवून कोंडून घ्यायचे, त्यातून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कित्येक पोरं कायमची घरापासून तुटली. २३ वर्षांच्या माणसाला कोंडणं हा गुन्हाच आहे. मी मामांना फोनवर स्पष्ट सांगितलं, गाडी काढू नका.

पुढे दादूने मला एक गोष्ट सांगितली ती ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. पहिल्याच आठवड्यात सिनियरने त्याला सांगून ठेवलं होतं, “आई रडेल, बाप शिव्या देईल, मामा मारायला येईल, हे सगळं होणार, आणि झालं की समज तू बरोबर रस्त्याला लागलास.” आजार यायच्या आधी लस टोचावी तसं. मानसशास्त्रात विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच धर्तीवर मांडणी केली, हल्ला येणार हे आधी सांगून त्याचं उत्तर शिकवून ठेवलं की मत आणखी पक्कं होतं. घरचा प्रत्येक आरडाओरडा सिनियरला खरं ठरवत होता. मायबाप जीव तोडून ओरडत होते आणि काम सिनियरचं होत होतं.

मी आईवडिलांना सांगितलं, कंपनीचा विषय बंद. पूर्ण बंद. रविवारी एक फोन, म्हशीचं बोला, कपाशीचं बोला, कुणाचं लग्न ठरलं ते बोला. पैसे मागितले तर द्यायचे नाहीत पण भांडायचं पण नाही. आईने स्वतःच वाक्य ठरवलं, “पैसा नही शेतस भाऊ, पन भाकर शे, कव्हय बी ये.” म्हणजे पैसे नाहीत, पण भाकर आहे, केव्हाही ये. वडिलांना हे फार जड गेलं. त्यांना वाटायचं गप्प बसलो म्हणजे आपण हरलो. मी म्हटलं, तुम्ही वाद जिंकून पोरगा घालवताय, थोडे दिवस वाद सोडून बघा.

श्रावणात कानबाई आली, आमचा खानदेशातला देवीचा सण. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, पाळण्यातल्या पोराच्या नावाचे सुद्धा. आईने व्हॉइस मेसेज टाकला, रडली नाही, ये म्हणाली नाही, एवढंच सांगितलं की तुझ्या नावाची सव्वा मूठ घेतली. दादू दोन दिवसांनी आला. टाय लावूनच आला. वडील काही बोलले नाहीत, ओसरीवर खाट टाकून दिली.

त्या वेळी तो आईबरोबर माझ्याकडे आला आणि इथे मी चुकले, ते लिहिलंच पाहिजे. मला घाई झाली. मी कागद घेऊन गणित मांडलं, एकाने सहा जण आणायचे, त्या सहांनी प्रत्येकी सहा, असं करत दहाव्या पायरीला सहा कोटींवर माणसं लागतात आणि तेराव्या पायरीला १३०० कोटी, जगात आहेत ८०० कोटींच्या आसपास. गणित बरोबर होतं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही पण निगेटिव्ह आहात.” दुसऱ्या दिवशी सुरतची गाडी पकडली. मला रात्रभर झोप नाही. त्याच्या आईने मात्र मला फोन करून धीर दिला, म्हणे रोट खाऊन गेला ताई.

अकरा दिवसांनी तो परत आला, बॅग घेऊन. माझ्या गणितामुळे नाही. रात्री खोलीत दिवा गेल्यावर बाजूच्या गादीवरचा नंदुरबारकडचा पोरगा हळूच म्हणाला, “यार, मला घरी जायचंय.” बास एवढंच. दादू म्हणाला, मला वाटायचं माझ्या एकट्याच्याच मनात येतं. सॉलोमन अ‍ॅश यांनी पन्नासच्या दशकात रेघांचे प्रयोग केले होते, सगळे जण चुकीच्या रेघेला बरोबर म्हणाले की सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्या मागे गेले, पण गटात एक जरी माणूस खरं बोलला तरी हे मागे जाणं एकदम कमी व्हायचं. म्हणून तर तिथे दोघांना एकांतात बोलू देत नाहीत.

या वेळी मी काही मांडलं नाही, फक्त विचारलं. “तुला पहिल्या फोनवर काय सांगितलं होतं?” पगार १८ हजार. “तू पुढे दुसऱ्यांना काय सांगितलंस?” तो गप्प. मग बॅगेतून एक डायरी काढली, त्यात १०० नावांची यादी, ती पहिल्या दिवशी सगळ्यांना करायला लावतात. शाळेतले मास्तर, किराणावाला, आत्या, एकेक नावापुढे प्लॅन दाखवला, नाही दाखवला, निगेटिव्ह. चौथं नाव आईचं, पुढे लाल पेनाने ‘निगेटिव्ह’. सहावं मामेभावाचं, त्यापुढे टिकमार्क. त्या टिकमार्कवर बोट ठेवून तो जो रडायला लागला.

लोक म्हणतात एवढं दिसत असून पोरगं सोडत का नाही. ते याच्यामुळे. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये एक कंटाळवाणं काम करून घेतलं आणि ते मजेशीर होतं असं पुढच्याला सांगायला काहींना एक डॉलर, काहींना वीस डॉलर दिले. नंतर एक डॉलरवाल्यांनाच काम जास्त आवडलं असं वाटू लागलं, कारण एवढ्याशा पैशांसाठी आपण खोटं बोललो हे मनाला झेपत नाही. दादूने तर फुकटात, वर घरचे ४२ हजार घालून, सख्ख्या मामाच्या पोराला खोटं सांगितलं होतं. कंपनी खोटी म्हणायची तर आपण काय केलं हे पण म्हणावं लागतं. म्हणून घरच्यांनी “बघ, आम्ही सांगत होतो ना” हे वाक्य कधीच बोलू नये, पोराला परत यायचा रस्ता त्या एका वाक्याने बंद होतो.

आणि परत येतात हो. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमध्ये अशाच एका गाजलेल्या पंथाच्या १९७९ मधल्या शिबिरांचा अभ्यास केला, हजारावर लोक गेले होते, त्यातले ९० टक्के सामीलच झाले नाहीत, आणि जे झाले त्यातलेही बरेचसे दोनेक वर्षांत निघून गेले.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या धरा. मुलाला कानात आवाज येतात, रात्र-रात्र झोप नाही, कुणीतरी मारायला टपलंय असं सारखं वाटतं, तर त्याला ब्रेनवॉश समजून बसू नका, तो आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर एक दिवस पण थांबू नका, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, आईबापांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो. आणि कोंडून ठेवलंय, कागदपत्रं काढून घेतलीत, मारहाण आहे, तर समुपदेशन नंतर, आधी ११२. साखळी पद्धतीच्या पैशांच्या योजनांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे, डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांत पिरॅमिड स्कीमला मनाई आहे, तेव्हा तक्रार करायला लाजू नका, पावत्या आणि मेसेज जपून ठेवा.

दादू आता गावातच आहे, सकाळी शेत, दुपारी एका कृषी केंद्रावर हिशोब लिहितो. पोत अजून सुटलेली नाही. मामाकडे जाऊन आला, मामांनी तोंड फिरवलं, मामीने पाणी दिलं. मामेभाऊ अजून सुरतलाच आहे, दादू सोडून आला म्हणून त्याच्या डायरीत आता दादूच्या नावापुढे निगेटिव्ह लिहिलेलं असणार. मागच्या वेळी तो त्याच्यासाठीच आला होता, “मॅडम, तो माझा फोन उचलत नाही, उचलला तर दोन मिनिटांत ठेवतो, काय बोलू?” मी विचारलं, तुला तिथे असताना काय ऐकावंसं वाटायचं? बराच वेळ विचार करून म्हणाला, म्हशीचं. आता दर रविवारी तो फोन लावतो आणि कंपनीचं नाव काढत नाही.